पडद्याची वामकुक्षी

माणूस जिवंत आहे की नाही हे ठरवण्यासाठी आपल्याकडे नोव्हेंबर महिना राखून ठेवलेला आहे. बाकीचे अकरा महिने पेन्शनर स्वतःच्या जबाबदारीवर जगतो. नोव्हेंबरात मात्र तसा दाखला द्यावा लागतो. हे ऐकीव सांगत नाही. गेली बावीस वर्षं मी एका बँकेच्या काउंटरमागे बसून असले दाखले घेत आलोय. पेन्शनर समोर उभा असतो, खोकत असतो, माझ्या कामाच्या वेगाबद्दल चार शब्द सुनावत असतो, आणि तरी मी त्याला शांतपणे विचारतो, "दाखला आणलाय का?" एकदा एक आजी म्हणाल्या, "अरे, मी इथे उभी आहे ना तुझ्यापुढे?" त्या उभ्या होत्या हे मला दिसत होतं. कॉम्प्युटरला दिसत नव्हतं. मी कॉम्प्युटरची बाजू घेतली. या पापाचा हिशेब कुठेतरी व्हायचाच होता. तो ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, माझ्या राहत्या घरी, मनोरी मुक्कामी झाला.

मनोरी म्हणजे तशी मुंबईच. महापालिका मुंबईची, मतदान मुंबईत. पण कामाला निघालो की आम्ही "मुंबईला जातो" म्हणतो. धक्क्यावर यायचं, फेरीबोटीत उभं राहायचं, शेजारी कुणाची मोटारसायकल, कुणाची मासळीची पाटी, आणि पाच-सात मिनिटांत खाडी ओलांडून मार्व्याला उतरायचं. तिथून मालाड स्टेशनची बस. खुष्कीच्या मार्गाने जायचं तर उत्तन-भाईंदरचा वळसा, म्हणजे द्राविडी प्राणायाम. ही माझी सासुरवाडी. मालाडला भाड्याची खोली परवडेना तेव्हा मी इथे आलो. लोक घरजावई म्हणतात. मी 'किनारपट्टीवर बदली' म्हणतो.

आमच्या ओटीवर सौ.ने एक पाटी लावलीय : 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील.' लाइटबिल, रेशनकार्ड, कॉलेजप्रवेश, जे पडेल ते. भांडवल म्हणजे एक सेकंडहँड डेस्कटॉप कॉम्प्युटर, सतरा इंची मॉनिटर, एक प्रिंटर आणि बोटाचा ठसा घेणारी काडेपेटीएवढी डबी. माझ्या पगारातून महिनाअखेरीला जे उरत नाही, ते या डबीतून येतं. त्यामुळे घरात त्या कॉम्प्युटरचा मान माझ्याहून एक वेतनश्रेणी वर आहे.

त्या रविवारी आमच्या मामांचा दाखला काढायचा होता. मामा म्हणजे सौ.चे मामा, वय ८२. एका बँकेतून २००३ साली हेडकॅशियर म्हणून निवृत्त झाले. गुडघे गेलेत. ओहोटीला धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरून बोटीत चढायचं म्हणजे त्यांना गिर्यारोहण. नोव्हेंबरभर "उद्या करू, उद्या करू" चाललं होतं आणि आता महिन्याचा शेवटचा दिवस, त्यात रविवार, बँक बंद. दाखला चुकला तर पुढची पेन्शन थांबते. पुढे दाखला दिला की मागचं सगळं मिळतं, बुडत नाही, हे मी सांगितलं. मामा म्हणाले, "जावईबापू, तुझ्या मामीची औषधं मागच्या तारखेने मिळत नाहीत." यावर कुठल्याही परिपत्रकात उत्तर नव्हतं.

घरबसल्या दाखला देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय १० नोव्हेंबर २०१४ला सुरू झाली. बोटाचा ठसा आधारशी जुळवायचा, झाला माणूस जिवंत. २०२१ पासून तर मोबाइलला नुसता चेहरा दाखवूनही काम होतं. तो प्रयोग आम्ही आधी केला. पण मोबाइल म्हणाला, डोळ्यांची उघडझाप करा. मामा उखडले. "मशीनला डोळा मारू? या वयात? मी?"

हा 'मी' समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आमचे मामा जुने युनियनवाले. बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणताच ज्यांनी दंडाला काळी फीत बांधली, त्यांतले. रिझर्व्ह बँकेने १९८३ साली डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांची समिती नेमली, १९८४ साली अहवाल आला आणि शाखांमधून 'अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' नावाची वस्तू बसवायचं ठरलं. नाव नीट वाचा. त्यात कॉम्प्युटर हा शब्दच नाही! वस्तू तीच, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशातला प्रकार. यंत्रं किती, कुठे, कशासाठी यावर बँकांच्या संघटनेचे आणि युनियनांचे १९८३ साली, १९८७ साली आणि पुन्हा १९९३ साली करार झाले. आज आपण हसतो. पण मामांच्या शाखेत त्या काळी साठ माणसं होती. माझ्या शाखेत आज शिपायासकट नऊ आहोत. तेव्हा हसायचं असेल तर बेतानेच हसावं.

ठरलं ते असं, की चेहरा नाही, बोट द्यायचं. तेही अंगठा नाही. "मी काय अंगठेबहाद्दर आहे?" तर्जनी द्यायची. सौ.ने सकाळीच कॉम्प्युटर लावून ठेवला, डबी जोडली, आणि मामा येईपर्यंत ती बोंबील साफ करायला आत गेली. मामा आले, खुर्चीत बसले, तर्जनी धोतराला पुसून सज्ज झाले. मी उंदीर हलवला. म्हणजे माउस. पडदा काळा.

मी कळ दाबली. मग दुसरी. मग, सरकारी नोकरांच्या पद्धतीप्रमाणे, सगळ्या एकदम. पडद्यावर एक इवलीशी चौकट क्षणभर उमटली : सिग्नल नाही, वीजबचत सुरू. आणि कोपऱ्यातला निळा दिवा नारिंगी होऊन स्वस्थ लुकलुकू लागला. कॉम्प्युटरचं बटण दाबून धरून तो बंद केला, पुन्हा लावला. आत पंखा फिरतोय, दिवा पेटलाय, आणि मॉनिटर पुन्हा तेच सांगून वामकुक्षीला. घोरण्याचा आवाज तेवढा नव्हता.

"अहो, मॉनिटर गेला वाटतं," सौ. मासळीच्या हातांनी दारात येऊन म्हणाली. तिचा चेहरा बोंबलासारखा झाला होता. नवा मॉनिटर म्हणजे तिची दोन महिन्यांची कमाई. मामा म्हणाले, "मी चौऱ्याऐंशी सालीच सांगितलं होतं."

संकटात माणसं देवाचा धावा करतात. मी इतिहासात शिरतो. बीकॉमला मला अकाउंट्सपेक्षा इतिहासाचंच वेड जास्त होतं, हे माझी गुणपत्रिका सांगेल. तर प्रश्न असा, की पडद्याला झोपायला शिकवलं कुणी?

मुंबईपुरतं बोलायचं तर आपल्याकडे पडदा आला तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिथल्या मंडळींनी १९६० साली स्वतः एक कॉम्प्युटर उभा केला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब असलेलं ते प्रकरण होतं आणि आकृत्या-अक्षरं दाखवायला त्याला काचेच्या नळीचा पडदाही जोडला होता. त्या काळी पडद्याने झोपण्याचा प्रश्नच नव्हता. असल्या यंत्राची एकेक मिनिट वाट बघत माणसंच ताटकळत जागी.

पुढे कॉम्प्युटर टेबलावर आला, आणि फुरसत नावाची गोष्ट त्याच्या नशिबी आली. माणूस चहाला उठला की पडदा तसाच पेटलेला. काचेच्या आत फॉस्फरचा लेप असतो. त्यावर तेच ते अक्षर दिवसेंदिवस उमटत राहिलं की ते तिथे कायमचं भाजून निघतं. मामांनी याला दुजोरा दिला. त्यांच्या शाखेतल्या लेजर मशीनच्या हिरव्या पडद्यावर मुख्य यादी इतकी रुतून बसली होती म्हणे, की वीज गेल्यावरही वाचता यायची. "भुतासारखी दिसायची. मी शिपायाला तिच्यावर टॉवेल टाकायला लावायचो."

या भुतावर उतारा १९८३ साली निघाला. जॉन सोचा नावाच्या अमेरिकन माणसाने एक छोटासा प्रोग्रॅम लिहून मासिकात छापला. तीन मिनिटं कुणी कळ दाबली नाही की पडदा काळा. यालाच स्क्रीनसेव्हर म्हणतात. पण नुसता काळा पडदा बघून माणसाचं समाधान होत नाही. १९८९ साली पडद्यावर पंख फुटलेले टोस्टर उडायला लागले. मी २००३ साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेतल्या पडद्यांवर रंगीत पाइप आपोआप एकमेकांना जोडले जात. पाच मिनिटं कुणी काम केलं नाही की प्लंबिंग सुरू. एका कारकुनाच्या टेबलावर तर दिवसभरात एखाद्या इमारतीचं प्लंबिंग पुरं होई. ग्राहकही रांगेत उभे राहून ते कौतुकाने बघत. तक्रारी कमी यायच्या.

गंमत अशी, की या सगळ्या खेळात पडदा वाचत होता, पण वीज नव्हे. टोस्टर उडवा नाहीतर लेजर लिहा, नळीचा मॉनिटर आपले सत्तर-ऐंशी वॅट खाणारच. जेवणाच्या सुट्टीत, रात्री, रविवारी, दिवाळीत. इकडे उपनगरांना वीज पुरवायला डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या केंद्रात कोळसा जळायचा, आणि तिकडे रिकाम्या शाखेत पाइप जोडले जायचे.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने. १९९२ साली त्यांनी 'एनर्जी स्टार' नावाची योजना काढली. सक्ती नाही. जो कॉम्प्युटर, जो मॉनिटर रिकामा असताना झोपेल आणि झोपेत तीस वॅटच्या आत भागवेल, त्याने अंगावर हे चिन्ह लावावं. चिन्ह कोण लावतो, असं वाटेल. पण एप्रिल १९९३मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला, की सरकारी कचेऱ्यांनी कॉम्प्युटर घेताना या चिन्हाचेच घ्यावेत. सरकार गिऱ्हाईक झालं की कारखानदाराला पर्यावरणाची आपोआप कळकळ वाटू लागते. तीस वॅटची सवलत पुढे आकसत आकसत आली. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तर झोपेतल्या यंत्राने एका वॅटवर भागवावं, असं मांडलं. एक वॅट! उपासतापास करणाऱ्या माणसालाही याहून जास्त लागतं.

आता खरी मेख. कॉम्प्युटर एका कंपनीचा, मॉनिटर दुसरीचा. मग एकाने दुसऱ्याला 'झोप' म्हणायचं कसं? दोघांमध्ये केबल एकच, तीही १९८७ सालची पंधरा टाचण्यांची. नवी तार घालायची सोय नाही. तेव्हा पडदे करणाऱ्यांच्या 'व्हेसा' नावाच्या मंडळाने १९९३ साली एक युक्ती काढली. तिच्यापुढे मी टोपी काढतो. त्या पंधरातल्या तेराव्या आणि चौदाव्या टाचणीवरून दोन ठोके सारखे जात असतात. एक सांगतो, ओळ संपली, पुढची घे. दुसरा सांगतो, पान संपलं, वरून सुरू कर. वैद्याच्या भाषेत या दोन नाड्या. मंडळाने ठरवलं, की दोन्ही नाड्या चालू असतील तर मॉनिटरने जागं राहावं. ओळीची नाडी थांबली तर डुलकी घ्यावी. पानाची थांबली तर गाढ झोपावं. आणि दोन्ही थांबल्या तर जवळजवळ समाधी. नवी तार नाही, नवा शब्द नाही. नुसतं थांबून सांगायचं. आमचे एक मॅनेजर असेच होते. ते बोलायचे थांबले की सगळी शाखा टेबलाखाली.

झोपवण्याची कला अशी लवकर साधली. उठवण्याची मात्र अजून पुरती साधलेली नाही. १९९२ सालच्या पद्धतीत झोपेचा कारभार कॉम्प्युटरच्या मूळ चिपेकडे होता. १९९६च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी नवी पद्धत आणली आणि तो कारभार विंडोजकडे दिला. झोपताना सगळे भाग एकदम निजतात. उठताना मात्र प्रोसेसर, मेमरी, चित्राचं कार्ड, डिस्क, एकेकाला हाक मारून उठवावं लागतं, आणि एकजण जरी कूस बदलून "पाच मिनिटं" म्हणाला तरी गाडी अडते. दहावीतला मुलगा ज्यांच्या घरी आहे त्यांना जास्त सांगायला नको.

एवढा इतिहास मनात घोळवल्यावर एकाएकी लख्ख झालं. मॉनिटर झोपतो तो आपल्या मनाने नाही! पलीकडून नाडी येत नाही म्हणून झोपतो. मग मी गेला अर्धा तास शिव्या देत होतो त्या कुणाला?

खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. मॉनिटरची विजेची वायर तशीच ठेवून चित्राची केबल तेवढी उपसून काढायची. काढली. पडद्यावर तत्काळ रंगीत चौकट उमटली : केबल तपासा. म्हणजे दिवा ठीक, काच ठीक, डोकं ठाकठीक. मॉनिटर धडधाकट जिवंत होता आणि अगदी खरं तेच सांगत होता, की बाबांनो, पलीकडे कुणी नाही. बिचाऱ्यावर मला एकदम माया आली. गेली बावीस वर्षं मी दुसरं काय करतोय? सर्व्हर बंद पडतो कुठेतरी दूर, लाइन तुटते कुठेतरी खड्ड्यात, आणि शिव्या खातो कोण? जो काचेपलीकडे समोर दिसतो तो. मॉनिटर हा कॉम्प्युटरचा काउंटर क्लार्क आहे!

हा शोध मी मोठ्याने सांगितला. सौ. म्हणाली, "मग तुमच्या जातभाईला उठवा की."

मालाडच्या हार्डवेअरवाल्या पोराला फोन लावला. रविवारी फेरीबोटीला समुद्रावर येणाऱ्यांची झुंबड, त्यामुळे तो यायला तयार नव्हता. पण फोनवर त्याने आधी केबल घट्ट बसवून पाहायला लावली, मग भिंतीतला प्लग काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरून, पुन्हा लावायला सांगितलं. फरक नाही. तेव्हा तो म्हणाला, "काका, मनोरीला ना तुम्ही? मग रॅमच असणार." रॅम म्हणजे मेमरीची पट्टी. तिच्या कडेला सोनेरी दात असतात आणि ते एका खाचेत बसतात. आमच्याकडची हवा अशी, की खिडकीच्या गजापासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळ्याला गंज आणि मिठाचा पुडा पाणीदार. त्या सोनेरी दातांवर क्षार साचतो. मेमरीचा संबंध तुटला की कॉम्प्युटर चित्र काढण्याच्या पायरीपर्यंत पोचतच नाही. नुसता पंखा फिरवत बसतो. मग नाडी कुठून यायची? "काका, प्लग काढा, पत्र्याला एकदा हात लावा, पट्टी काढा आणि दात खोडरबरने घासा. साधा पांढरा."

खोडरबर हा शब्द ऐकून मामा खुर्चीत ताठ झाले. "बँकेच्या रेकॉर्डवर खोडरबर? अडतीस वर्षांत मी कुणाला चालवून घेतला नाही. रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची!" मी म्हटलं, "मामा, हे लेजर नाही." "मेमरी आहे म्हणालास ना? मग लेजरच." मुद्दा बिनतोड होता. शेजारच्या पोराच्या कंपासातून खोडरबर आणला. मामांनी पाठ फिरवून बसणं पसंत केलं.

दात घासले. काळपट कीट निघालं. मऊ फडक्याने पुसून पट्टी खाचेत दाबली, दोन्हीकडची खिटी 'टक्' करून बसली. प्लग लावला, बटण दाबलं. नारिंगी दिवा लुकलुकला, एकदा, दोनदा. आणि निळा झाला. पडद्यावर अक्षरं आली. सौ.ने नमस्कार केला, कुणाला ते कळलं नाही. मी मधेच उभा असल्यामुळे स्वीकारला. तिने पहिलं काम केलं ते सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्युटरची झोप बंद करण्याचं. मॉनिटरची तेवढी राहू दिली, दहा मिनिटांची. लाइटबिल तिच्याच कमाईतून जातं.

आता मामांची तर्जनी. डबीवर लाल उजेड पडला. ठसा जुळला नाही. पुन्हा. नाही. मी ते बोट हातात घेऊन पाहिलं. गुळगुळीत. ओल्या स्पंजावर बोट टेकवून, अडतीस वर्षं, दिवसाला किती बंडलं मोजली असतील त्याचा हिशेब नाही. रेषा नोटांबरोबर गेल्या. मधलं बोट दिलं, नाही. अंगठ्याकडे आम्ही कुणीच बघितलं नाही.

"डाव्या हाताची करंगळी बघ," मामाच हळूच म्हणाले. "तिने कधी काही मोजलं नाही."

करंगळी ठेवली. चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. साडेबारा वाजता पडद्याने मान्य केलं, की मामा जिवंत आहेत. मोबाइलवर क्रमांकही आला. सौ.ने तो वाचून दाखवला. मामांनी चष्मा लावून तो स्वतः एकदा पडद्यावर, एकदा मोबाइलवर ताडून पाहिला, बॅलन्सिंग जुळल्यावर पाहत असतील तसा. मग म्हणाले, "याची छापील प्रत दे, बाय. दोन काढ. एक माझ्या फाइलला."

सौ.ने प्रिंटची कळ दाबली. आम्ही तिघेही प्रिंटरकडे बघत राहिलो. त्याचा दिवा नारिंगी होता.

"असू दे," मामा काठी घेऊन उठले. "त्याला उठवू नको. मी संध्याकाळी येतो. तोवर त्या खोडरबराने जिथे खाडाखोड केलीस ना जावईबापू, तिथे सही करून ठेव."